धडधाकट असतानाची नोंद

गणेशोत्सव जवळ आला की मुंबईतल्या जुन्या रेल्वे पुलांची यादी प्रसिद्ध होते. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मरीन लाइन्स, ग्रँट रोडचा फ्रेंच पूल, ऑपेरा हाउसजवळचा केनेडी पूल, महालक्ष्मी, दादरचा टिळक पूल. सूचना दरवर्षी त्याच असतात. पुलावर मिरवणूक थांबवू नका, ध्वनिक्षेपक लावून नाचू नका, पटापट पुढे सरका. करी रोड आणि चिंचपोकळी-आर्थर रोडच्या पुलांसाठी तर अलीकडे आकडाच दिला जातो : एका वेळी १६ टनांहून अधिक भार नको. माणशी ६५ किलो धरले, तर अडीचशे माणसांतच हे १६ टन भरतात. मूर्ती, ट्रॉली आणि ट्रॅक्टर वेगळे. लालबाग-परळची विसर्जनाची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला या हिशेबातली अडचण समजावून सांगावी लागत नाही.

ही सूचना योग्यच आहे आणि प्रत्येक मंडळाने ती पाळली पाहिजे. पण असा आकडा येतो तो पुलाचं वय, जुने आराखडे, डोळ्यांना दिसलेला गंज आणि अभियंत्याचा अनुभव यांच्या बेरजेतून. मिरवणूक पुलावरून जात असताना तुळयांना नेमकं काय सोसावं लागलं, गर्दी उतरल्यावर त्या पूर्ववत झाल्या का, गेल्या वर्षीपेक्षा यंदा जास्त वाकल्या का, याची नोंद त्या आकड्यात नसते. ती नोंद ठेवता येते. तिच्यासाठी लागणारं साहित्य नखाएवढं आहे, त्यामागचं गणित शंभरेक वर्षांत पक्कं झालेलं आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्याच देशात कातला गेला. या पुस्तकाचा विषय तो आहे. पुस्तक स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं असलं, तरी ही प्रस्तावना मी नगरसेवक, सोसायटीचे सचिव आणि चाळीतल्या भाडेकरू संघाचे कार्यकर्ते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.

आधी स्ट्रेन म्हणजे काय ते पाहू. कुठल्याही वस्तूवर भार आला की तिची लांबी किंचित बदलते. त्या बदलाला मूळ लांबीने भागलं की स्ट्रेन मिळतो. हा आकडा फार लहान असतो, म्हणून तो दशलक्षांशांत सांगतात. एक मीटर लांबीची पट्टी एक मायक्रोमीटरने ताणली गेली, तर तो एक मायक्रोस्ट्रेन. भरलेली बस जुन्या पोलादी पुलावरून गेली की मधल्या तुळईच्या तळाला साधारण पन्नास ते शंभर मायक्रोस्ट्रेन येतो. साधं पोलाद कायमचं वाकायला लागतं ते साडेबाराशेच्या आसपास. म्हणजे आपण ज्या बदलाच्या मागावर आहोत तो डोळ्यांना कधीच दिसणार नाही, आणि दिसायला लागेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिनने १८५६ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यातून मोजमापाचं साधन मात्र १९३८ मध्ये निघालं. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांच्या नकळत तारेचा स्ट्रेन गेज बनवला. आजचा गेज म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर नागमोडी कोरलेली धातूची पन्नी. तिचा रोध १२० ओहम असेल आणि शंभर मायक्रोस्ट्रेन आला, तर तो १२०.०२४ ओहम होतो. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंतचा हा फरक व्हीटस्टन ब्रिज नावाचं सर्किट पकडतं. दुसरा प्रकार ताणलेल्या तारेचा. तार छेडायची आणि तिच्या कंपनसंख्येवरून ताण काढायचा. धरणांत आणि बोगद्यांत वर्षानुवर्षं टिकतो तो हाच. तिसरा प्रकार प्रकाशतंतूचा. तंतूच्या आत कोरलेली जाळी प्रकाशाची एकच तरंगलांबी परत पाठवते आणि तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते.

कागदावर हे सोपं वाटतं. पुलाखाली काम सुरू झालं की चित्र बदलतं. गेज चिकटवायचा तर आधी रंगाचे थर खरवडावे लागतात. जुन्या पुलावर ते एकावर एक इतके बसलेले असतात की खालचं लोखंड लागायलाच वेळ जातो. लोखंड लागलं की पॉलिश पेपरने घासायचं, अॅसिटोनने पुसायचं. कापूस काळा येतो तोवर पुसत राहायचं. एकदा स्वच्छ झालेल्या जागेला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की गोंद नीट धरत नाही. मग दोन रेघा मारून गेज बसवायचा, अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचा, तारा डाखायच्या, वर मेण आणि त्यावर रबरी लेप. खालून लोकल जात असतात. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, त्यामुळे ब्लॉक मिळाल्याशिवाय त्या तारेजवळ जाता येत नाही. ब्लॉक मिळतो रात्री, दोन-तीन तासांचा. या कामाचं यश बहुतेक वेळा अंगठ्याखालच्या त्या मिनिटावर ठरतं. संगणकावर दिसणाऱ्या आलेखाला भुलणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी एक गेज स्वतः चिकटवावा, असा माझा आग्रह आहे. मुंबईची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, कबुतरांची घाण आणि तारा कुरतडणारे उंदीर यांतून टिकलेला सेन्सरच उपयोगाचा. ओव्हरहेड तारेचा विद्युत गोंगाट प्रकाशतंतूला शिवत नाही, म्हणून रेल्वेवरच्या पुलांसाठी तो खर्चिक असला तरी मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता मूळ मुद्दा. सेन्सर नुकसान मोजत नाही, तो फक्त स्ट्रेन मोजतो. चिंचपोकळीच्या एखाद्या तुळईवर आज ऐंशी मायक्रोस्ट्रेन आला, या वाक्यातून त्या तुळईच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही. त्याच बसने, त्याच जागी, तशाच हवेत, तुळई धडधाकट होती तेव्हा किती आला होता, हे ठाऊक असेल तरच त्या ऐंशीला अर्थ येतो. नुकसान ही तुलना आहे, आणि तुलनेची एक बाजू पूल चांगला असतानाच नोंदवून ठेवावी लागते. शंका आल्यावर लावलेले सेन्सर अर्धंच काम करतात. आपल्याकडे मोजणीची आठवण पूल बंद करायच्या वेळी होते, आणि या पुस्तकाचं भांडण त्या सवयीशी आहे.

दुसरी अडचण तापमानाची. पोलाद एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे बारा मायक्रोमीटर वाढतं. पहाट ते दुपार दहा अंशांचा फरक पडला तर १२० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे भरलेल्या बसहून जास्त. त्यात उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू वेगळी, पावसाने भिजलेला स्लॅब वेगळा. स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ नावाच्या पुलाने हा धडा साऱ्या जगाला दिला. तो पूल पाडायचाच होता, म्हणून १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं नोंदवली गेली आणि शेवटी त्याला मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजा करण्यात आली. हिवाळ्यात डांबर गोठून कडक झालं की पुलाची कंपनसंख्या इतकी बदलायची की खरी इजा त्या बदलात झाकली जावी. मुंबईत बर्फ पडत नाही, पण इथला पावसाळा त्याच जातीचा आहे. म्हणून आधी वर्षभराच्या नोंदीतून तापमान आणि दमटपणा यांचा हिस्सा गणिताने काढून टाकायचा आणि उरलेल्या आकड्यांकडे पाहायचं.

तरी तापमानाला निव्वळ शत्रू समजू नये. पुलाच्या टोकांना बेअरिंग असतात, त्यांच्यावर पूल उन्हात सरकतो. गंजाने बेअरिंग जाम झालं की सरकायला वाव राहत नाही आणि तोच दहा अंशांचा फरक पोलादात दर चौरस मिलिमीटरला चोवीस न्यूटनपर्यंत दाब निर्माण करतो. त्यामुळे तापमान आणि स्ट्रेन यांच्यातलं नातं बदललं, तर बेअरिंगकडे माणूस पाठवावा. बस न चालवता, वाहतूक न थांबवता, नुसत्या उन्हाने केलेली ही चाचणी आहे.

भाराचाही असाच प्रश्न. पुलावरून कोणती गाडी किती वजनाची गेली, हे रोज कोण सांगणार? यावर अभियंत्यांनी एक सुंदर वाट काढली आहे. तुळईच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांना सेन्सर लावायचे. तुळई वाकते तेव्हा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मध्ये एक पातळी अशी असते जिथे काहीच होत नाही. ही उदासीन पातळी कुठे आहे हे दोन सेन्सरांच्या गुणोत्तरावरून निघतं. रिक्षा गेली काय आणि ट्रक गेला काय, ती हलत नाही. हलली तर तुळईचं अंगच बदललं आहे. वरचा काँक्रीटचा स्लॅब तुळईपासून सुटला तर ती खाली येते. खालची पट्टी गंजून झिजली तर वर जाते. भाराचं वजन माहीत नसतानाही दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. या विषयातली माझी सर्वांत आवडती युक्ती हीच.

एक सेन्सर पाहून निर्णय घेता येत नाही, आणि इथे संख्याशास्त्र येतं. समजा, शेजारशेजारच्या दोन तुळया आहेत. बस गेली की दोन्ही आकडे एकत्र वाढतात, एकत्र उतरतात. एक दिवस पहिलीचा आकडा जरा जास्त आला आणि दुसरीचा जरा कमी. दोन्ही आकडे आपापल्या नेहमीच्या मर्यादेत आहेत, म्हणून वेगवेगळे पाहिले तर कुणालाच शंका येणार नाही. पण ही जोडी अशी कधीच आली नव्हती. भार पहिलीकडे सरकतो आहे, म्हणजे दुसरी तो घेईनाशी झाली आहे. आकड्यांचं आपसातलं नातं ध्यानात घेऊन एखादी नोंद नेहमीच्या घोळक्यापासून किती दूर पडली हे सांगणारं माप प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलं. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं अभ्यासताना त्यांना या प्रश्नाने गाठलं होतं. आज जगभर पुलांच्या देखरेखीत महालनोबिस अंतर हे रोजचं हत्यार आहे. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते बरेचदा परदेशी सॉफ्टवेअरमधला एक पर्याय म्हणूनच भेटतं.

इजा झाली की आकडा वाढतो, हा समज मात्र सोडून द्यावा. गेजच्या अगदी जवळ तडा गेला तर तिथला ताण मोकळा होतो आणि आकडा खाली येतो. उतरलेला आकडा पाहून समाधान मानणारा अभियंता मोठ्या धोक्यात असतो. शिवाय स्ट्रेन ही जागेपुरती गोष्ट आहे. दोन मीटर दूरची भेग त्या गेजला कळेलच असं नाही. कुठल्या सांध्यावर, कुठल्या रिव्हेटच्या रांगेजवळ सेन्सर लावायचे हे पूल जाणणाऱ्या माणसानेच ठरवावं लागतं. संख्याशास्त्र त्याची जागा घेत नाही.

मग धोक्याची घंटा कधी वाजवायची? नेहमीचा संकेत असा की सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांबाहेर गेलेली नोंद संशयित. नोंदी सामान्य वितरणाच्या असतील तर दर हजारात दोन-तीन नोंदी काहीही कारण नसताना बाहेर पडतात. दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तर दिवसाला १४४. एका सेन्सरमागे दर अडीच दिवसांनी एक खोटी घंटा. वीस सेन्सर असतील तर रोज सात-आठ. आठवडाभरात तो आवाज कुणी ऐकेनासं होईल आणि ज्या दिवशी घंटा खरी असेल त्या दिवशीही ऐकणार नाही. म्हणून सुट्या नोंदीवर विसंबत नाहीत. लहान लहान फरक एकाच दिशेला साचत चालले आहेत का, ते बेरीज करत पाहतात. ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी मांडलेली ही पद्धत गंजासारख्या हळू चालणाऱ्या शत्रूला पकडायला फार उपयोगी पडते.

घंटा किती हळवी ठेवायची हा प्रश्न गणिताचा म्हणून सुरू होतो, पण मुंबईत तो माणसांचा होतो. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर रेल्वे, महापालिका आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून शहरातले पूल तपासले आणि लोअर परळचा डिलाईल पूल त्याच महिन्यात बंद झाला. तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पाच वर्षांहून अधिक काळ ना. म. जोशी मार्गावरच्या रहिवाशांनी, दुकानदारांनी आणि रुग्णवाहिकांनी वळसे घेतले. तरी तो निर्णय बरोबर होता, कारण दुसऱ्या बाजूला १४ मार्च २०१९ आहे. त्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल ऐन गर्दीत कोसळला आणि घरी निघालेली माणसं दगावली. आधीच्या तपासणीत हाच पूल किरकोळ दुरुस्तीपुरता असल्याचं ठरलं होतं. तिथे सेन्सर असते तर ते टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. एका दिवसाच्या पाहणीला त्या दिवसापुरतंच दिसतं आणि दोन पाहण्यांच्या मधल्या काळाची साक्ष देणारं तिथे काहीही नव्हतं, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं.

चाळींचा विषय याहून नाजूक. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. आजही तेरा हजारांहून अधिक उभ्या आहेत. गिरगावातल्या चाळीत सागवानी खांब, लाकडी तुळया, कुठे मागाहून घातलेले लोखंडी गर्डर, वर कोबा आणि लादी. इमारत बसते ती बहुतेक वेळा मोरीच्या कोपऱ्यातून. पिढ्यान्‌पिढ्या झिरपलेलं पाणी भिंतीत शिरलेल्या तुळईचं टोक कुजवतं आणि बाहेरून रंगवलेली तुळई साबूत दिसते. लाकडावर स्ट्रेन गेज फारसा विश्वासाचा नसतो, कारण लाकूड दमटपणाने स्वतःच फुगतं आणि आकसतं. इथे भेग मोजणारी पट्टी आणि झुकाव मोजणारा टिल्टमीटर जास्त उपयोगी. जुने मिस्त्री भेगेवर आडवी काचपट्टी बसवून कडेला तारीख घालत. काच तडकली की भिंत हलली. कल्पना उत्तम, पण किती हलली आणि पावसाळा संपल्यावर परत आली का, हे काच सांगू शकत नाही.

मेट्रो-३ चा बोगदा गिरगाव-काळबादेवीखालून गेला तेव्हा वरच्या इमारतींवर अशी आधुनिक मोजणी झाली. भिंतींवर बसवलेले आरसे आणि भेगमापक त्या भागातल्या अनेकांनी पाहिले असतील. अशी मोजणी बहुधा बांधकामापुरती असते. पण काही वर्षांच्या पावसाळ्या-उन्हाळ्यातून जमलेली नोंद म्हणजे त्या इमारतींच्या तब्येतीची मूळ पायरी. ती रहिवाशांच्या हाती आणि म्हाडाच्या दप्तरात राहिली पाहिजे. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला पडली, ६१ माणसं गेली. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, ३३ गेली. दुसरीकडे ‘सी-१’ची, म्हणजे इमारत अतिधोकादायक असल्याची, नोटीस लागली की घर जातं. संक्रमण शिबिर कुठे मिळेल, पागडीचा हक्क राहील का, परत कधी येता येईल, हे त्या कुटुंबाला कुणी सांगत नाही. म्हणून भाडेकरूला अहवालावर संशय येतो, आणि तो संशय मी चुकीचा मानत नाही. इमारत रिकामी करायला सांगणाऱ्याने आकडे उघडे ठेवावेत : कुठली भेग, कुठल्या तारखेपासून, किती मिलिमीटर. असे आकडे दिसले तर जिना उतरायला तयार होणारी माणसं मी पाहिली आहेत. नुसता शिक्का पाहून कुणी उतरत नाही.

या शहरात सध्या जुन्या पुलांची एक अख्खी पिढी निवृत्त होते आहे. १८७९ चा हँकॉक पूल २०१६ मध्ये पाडला गेला, १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये. कर्नाकच्या जागी उभा राहिलेला सिंदूर पूल जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला आणि तिथे दुमजली पूल व्हायचा आहे. जुन्या पुलांची धडधाकट असतानाची नोंद आपल्याकडे नाही आणि आता ती कधीच मिळणार नाही. नव्यांची मिळू शकते, पण त्यांच्या पहिल्याच वर्षी. नवा पूल खुला करण्याआधी त्यावर भरलेले ट्रक उभे करून भारचाचणी घेतात, तेव्हा सेन्सर लावलेलेच असतात. चाचणी झाली की ते उतरवले जातात. ते तिथेच ठेवायला लावणारं कलम निविदेत हवं. मुख्य तुळयांच्या वर-खाली सेन्सर, दोन्ही टोकांच्या बेअरिंगजवळ तापमापक, आणि एक पूर्ण उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा धरून बारा महिन्यांची अखंड नोंद. ती कंत्राटदाराच्या संगणकावर न राहता महापालिकेच्या पूल विभागाकडे आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थेकडे, कुणालाही वाचता येईल अशा साध्या तक्त्याच्या रूपात जमा व्हावी. सोबत सेन्सर नेमके कुठे आहेत याचा नकाशा हवा, कारण तीस वर्षांनी तिथे पोचणाऱ्या अभियंत्याला त्याच तुळईवर, त्याच जागी नवा गेज चिकटवायचा आहे.